आर्कम नाइट: जिलबी उत्तम, आग्रह नडला

तुमचा प्रश्न असा: ‘गेम डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘बॅटमॅन: आर्कम नाइट’ सेलमध्ये खूप स्वस्त मिळतोय. निम्मे मित्र म्हणतात याच्या तोडीचा सुपरहिरो गेम नाही, उरलेले म्हणतात बॅटमॅनच्या गाडीने सगळा विचका केला. घ्यावा का? आणि शिकणाऱ्याने त्यात नेमकं काय बघावं?’

घ्या. पैशाचा प्रश्न एवढ्यावर मिटला. ‘काय बघावं’ याला मात्र जरा वेळ लागेल.

मी पुण्यात गेली पंधरा वर्षं गेम बनवतो. पहिली तीन वर्षं टेस्टिंग केलं, म्हणजे एकाच भिंतीला दोनशे वेळा धडका देऊन ती आरपार जाऊ देत नाही ना, हे बघण्याचं काम. त्यानंतर कॉम्बॅट डिझाइन, म्हणजे गेममधली मारामारी रचणं. आर्कम नाइट मी तीनदा संपवला. पहिल्यांदा २०१५ मध्ये, हौसेने. दुसऱ्यांदा वही-पेन घेऊन. तिसऱ्यांदा खेळत होतो तेव्हा बायको शेजारी भाजी निवडत बसायची. तिला गेममधलं काही कळत नाही असं ती म्हणते. पण रणगाड्यांची पाचवी की सहावी लढाई चालू असताना तिने मान वर न करता विचारलं, “एवढा जामानिमा करून निघालाय, मग गाडीतून उतरत का नाही हा?” या गेमची मी ढीगभर परीक्षणं वाचली. इतकं नेमकं वाक्य एकातही सापडलं नाही.

पण मुळापासून घेऊ. सुपरहिरोचा गेम करायला बसलं की पहिली अडचण ही येते की नायक आधीच जिंकलेला असतो. सुपरमॅनला गोळी लागत नाही, मग गल्लीतल्या गुंडाशी त्याची मारामारी रंगणार कशी? गुंड बळकट केला तर सुपरमॅन खोटा वाटतो, तसाच ठेवला तर खेळणाऱ्याला जांभया येतात. लंडनच्या रॉकस्टेडी स्टुडिओने २००९ मध्ये या मालिकेतला पहिला गेम, ‘आर्कम असायलम’ काढला, तेव्हा या कोड्याला त्यांनी दिलेलं उत्तर मला आजही फार हुशारीचं वाटतं. त्यांनी बॅटमॅनची ताकद समोरच्याच्या मनात ठेवली. बंदुकीच्या थोड्या फैरी लागल्या की हा बॅटमॅन मरतो. पण बंदूकवाल्याने त्याची इतकी धास्ती घेतलेली असते की बंदूक हातात असून पाय त्याचेच लटपटतात. नायक नाजूक आणि दहशत अफाट, अशी ती जोडणी. २०११ च्या ‘आर्कम सिटी’ने तीच जोडणी मोठ्या मैदानात नेली. २०१३ चा ‘ओरिजिन्स’ माँट्रियलच्या वेगळ्या चमूने केला. मग २३ जून २०१५ ला रॉकस्टेडीने आपल्या कथेचा शेवट म्हणून आर्कम नाइट आणला. पुढे मी जे काही बरंवाईट म्हणणार आहे ते सगळं या एका जोडणीशी ताडून बघा.

मारामारीपासून सुरुवात करतो, कारण ते माझं पोटापाण्याचं काम. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर चौकोनाने प्रहार, त्रिकोणाने पलटवार, गोलाने केप फडकावून समोरच्याला भांबावून टाकायचं, फुलीने कोलांटी मारून निसटायचं. या चार बटणांवर दहा-पंधरा जणांचा घोळका अंगावर घेता येतो. नेम धरावा लागत नाही. स्टिक ज्या बाजूला ढकलाल तिकडच्या माणसावर बॅटमॅन झेप घेतो, मग तो दोन पावलांवर असो की अंगणाच्या पलीकडे. नवशिके इथे फसतात. म्हणतात, हे तर आपोआप चाललंय, यात कसब कुठे? कसब वेळेत आहे. ठोसा लागल्या क्षणी पुढचं बटण दाबलं तर कॉम्बोचा, म्हणजे सलग बसलेल्या ठोशांच्या साखळीचा आकडा एकाऐवजी दोनने वाढतो. घाईने बडवत राहिलात तर हात हवेत फिरतो आणि साखळी तुटते. तबल्याची साथ ऐकलेल्याला हे चटकन उमगेल: बोल किती वाजवले हे कोणी मोजत नाही, समेवर आलात का ते बघतात. बटणं बडवणारा या गेममध्ये जिंकतोसुद्धा, पण बेसूर जिंकतो, आणि ते त्याचं त्याला पडद्यावर दिसतं. चुकीची शिक्षा म्हणून मरण न देता नुसती लाज देणं हे डिझाइन म्हणून किती अवघड आहे, ते स्वतः करून बघाल तेव्हा कळेल.

याच्या जोडीला कबड्डीतली एक गोष्ट आहे. चढाई करणारा बघत असतो समोरच्याकडे, पण त्याचा जीव असतो कोपऱ्यातल्या गड्यात. इथेही ज्याला तुम्ही मारताय त्याच्यापासून धोका नसतो. धोका पाठीमागे असतो. ढालवाल्यावर वरून झेप घ्यावी लागते, विजेचा दांडका घेतलेल्याच्या डोक्यावरून उडी मारून पाठ गाठावी लागते, धिप्पाड गड्याला आधी केपने भांबावून मग ठोशांचा सडा घालावा लागतो. आर्कम नाइटने त्यात ‘मेडिक’ आणला, जो खाली पडलेल्यांना पुन्हा उभं करतो. दिसायला किरकोळ भर, पण तिने सगळं गणित बदललं. आता कोणाला मारायचं याबरोबर कोणाला आधी मारायचं हेही डोक्यात ठेवावं लागतं. वहीत मी या एका शत्रूवर दीड पान खरडलं होतं.

दोषही इथेच आहे. शत्रू हल्ला करणार असला की त्याच्या डोक्याभोवती निळ्या रेषा चमकतात, मग तुम्ही त्रिकोण दाबता. काही तासांनी डोळे शत्रूचं अंग वाचायचं सोडतात आणि फक्त निळं शोधतात. अ‍ॅनिमेटरने खांदा कसा मागे नेला, वजन कोणत्या पायावर टाकलं, यावर महिनेच्या महिने घातलेले असतात, आणि खेळणारा बघतोय दिव्याकडे. आर्कम सिटी एकदा संपवून ‘न्यू गेम प्लस’ला गेलात, म्हणजे कमावलेलं सगळं घेऊन पुन्हा पहिल्यापासून खेळलात, तर ही खूण दिसत नाही. मग तोच गेम एकदम वेगळा वाटतो. आमच्या एका प्रोजेक्टवर आम्ही चाचणीपुरती अशी खूण काढून टाकली होती. टेस्टर दोन दिवस चिडले होते. तिसऱ्या दिवशी ते शत्रूंना नावं ठेवायला लागले, ‘डावखुरा’, ‘लंगड्या’ अशी. म्हणजे ते बघायला लागले. शेवटी खूण आम्ही परत आणली, कारण गेम विकायचाही असतो. पण तेव्हापासून आमच्याकडे ती जरा उशिरा पेटते.

लपून शिकार करण्याचा भाग मला मारामारीपेक्षाही सरस वाटतो. बंदूकधारी माणसांनी भरलेली इमारत, आणि तुम्ही वर कुठेतरी एखाद्या गारगॉइलवर, म्हणजे भिंतीतून पुढे आलेल्या दगडी राक्षसमूर्तीवर. एकेकाला उचलायचं. असायलमपासूनच यातला खरा आनंद असा की उरलेले घाबरत जातात. एकमेकांना हाका मारतात, पाठीला पाठ लावून चालतात, सावलीवर गोळ्या झाडतात. डिटेक्टिव्ह मोडमध्ये, म्हणजे बॅटमॅनच्या भिंतीपलीकडचं दाखवणाऱ्या दृष्टीत, कोण शांत, कोण बिथरलेला हेही कळतं. सुरुवातीला सहाजण टेचात गस्त घालत असतात. शेवटी एकच उरतो, आणि त्या एकट्याची चाल बघितली की तुम्हाला बॅटमॅन झाल्याचा जो अनुभव येतो तो कोणत्याही ठोशाने येत नाही. भीती इथे आकड्यांतला गुणधर्म म्हणून बसलेली नाही, ती शत्रूच्या पावलांत आणि आवाजात दिसते.

आर्कम नाइटने या शत्रूंना शहाणं केलं. सैनिक उंचावरच्या जागांवर सुरुंग पेरतात, तुम्ही डिटेक्टिव्ह मोड फार वेळ चालू ठेवलात तर त्याचा माग काढत येतात. ही शेवटची युक्ती मला विशेष आवडली. निळसर क्ष-किरणांसारखी ती दृष्टी २००९ पासून या मालिकेचं दुखणं होती. ती इतकी सोयीची की लोक अख्खा गेम तिच्यातूनच खेळायचे आणि कलाकारांनी जीव ओतून केलेली भिंत-न्-भिंत अदृश्य व्हायची. रोगावर औषध म्हणून शत्रूंना तिचा वास देणं, ही खरी कारागिरी. औषध पुरेसं पडलं नाही, हेही खरं.

उलट बाजूला तुम्हाला ‘फिअर टेकडाउन’ मिळालं. नजरेस न पडता तिघांच्या पुरेसं जवळ गेलात तर एका दमात तिघे आडवे. अपग्रेड घेतलं तर पाच. दिसायला थरारक. मध्येच वेळ मंदावतो आणि तुम्ही पुढचा बळी निवडता. यावर माझं मत दोनदा बदललं. आधी वाटलं, सहाजणांच्या खोलीत तीन असे गेले तर शिकारीत उरलं काय? मग लक्षात आलं की ते पुन्हा वापरायचं तर आधी कोणालातरी गुपचूप पाडावं लागतं. म्हणजे शांतपणा ही कमाई आणि धुमाकूळ हा खर्च. हिशेब चोख आहे.

शहरात फिरण्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते लिहून कळत नाही. केपवर तरंगत जाणं, सूर मारून वेग घेणं, हुकाच्या दोरीने पुन्हा उसळणं, हे सिटीमध्येच जमून आलं होतं. इथे वेग वाढला, इमारती उंच झाल्या, आणि केपवरून पावसाचं पाणी ओघळताना दिसतं. एकदा नुसतं उभं राहून ती केप बघा.

आता गाडी. आधी कौतुक, कारण ते करायचं लोक विसरतात. गाडी म्हणून बॅटमोबिल झकास आहे. एक बटण दाबलं की ती गल्लीबोळ तुडवत तुमच्याकडे येते आणि तुम्ही हवेतून थेट तिच्यात उतरता. भरधाव जाताना बटण दाबलंत तर ती तुम्हाला सरळ आभाळात भिरकावते, केप उघडते, आणि रस्त्यावरचा वेग हवेतल्या वेगात मिसळतो. मध्ये कुठेही खंड नाही, लोडिंग नाही. दोन वेगळ्या हालचालींची शिवण इतकी बेमालूम घातलेली मी फार थोड्या गेममध्ये बघितली आहे.

मग डावा ट्रिगर दाबून धरला की तिचा रणगाडा होतो. दोष याच्या बांधणीत नाही. तुम्ही डिझाइन शिकताय म्हणून हे ठासून सांगतो. रणगाडा चारी दिशांना सरकतो, शत्रूचा नेम तुम्हाला रेषेच्या रूपात दिसतो, रेषेतून निसटायचं, तोफ भरली की उडवायची. सगळं वाचता येतं, सगळं न्याय्य आहे. दुसऱ्या कोणत्या गेममध्ये हा भाग असता तर त्याची वाहवा झाली असती.

पण बॅटमॅन माणसं मारत नाही. रणगाड्याच्या तोफेने माणूस मेल्याशिवाय कसा राहील? म्हणून कथेने सोय केली: शत्रूचे सगळे रणगाडे विनाचालक. आत कोणी नाही, हे गेम तुम्हाला बजावून सांगतो. नैतिक अडचण सुटली, आणि त्याच फटक्यात गेमचा प्राण गेला, कारण ड्रोन घाबरत नाही. सहा वर्षं ज्या मालिकेने शत्रूची भीती हेच खेळाचं इंधन केलं, तिने तुमच्यासमोर अशा शत्रूंचे थवेच्या थवे उभे केले ज्यांना भीती म्हणजे काय ते ठाऊक नाही. शेवटचा उरलेला ड्रोन पहिल्या ड्रोनसारखाच चालतो. त्याची पावलं अडखळत नाहीत, तो साथीदारांना हाका मारत नाही. तुम्ही साठ मारा की सहा, पलीकडून काहीच परत येत नाही. गाडी कंटाळवाणी आहे असं लोक म्हणतात तेव्हा त्यांना बहुतेक हेच म्हणायचं असतं.

याचा कळस म्हणजे ‘कोब्रा’ नावाचे रणगाडे. त्यांना समोरून फोडता येत नाही, मागून चोरपावलांनी जाऊन मर्मस्थानावर नेम धरायचा. चोरपावलांनी, तेही रणगाडा घेऊन! लपाछपीचा नियम तोच, पण भिडू बदलला की त्याचं हसं होतं. पहिल्यांदा खेळताना मी गल्लीच्या तोंडाशी ते धूड दबा धरून उभं केलं आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

असं का होतं? आमच्या धंद्यात हा आजार जुना आहे. आम्ही एकदा एका गेमसाठी घोडा केला. घोड्याचं अ‍ॅनिमेशन, घोड्यासाठी रुंद केलेले रस्ते, घोड्यावरचा कॅमेरा, आठ महिने गेले. त्यानंतर प्रत्येक मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणायचं, या मिशनमध्ये घोडा कुठाय? एवढा खर्च केलाय तर दिसू द्या. शेवटी एका तळघरातल्या मिशनमध्येही घोडा घुसला. एखादा घटक खेळणाऱ्याला हवा म्हणून येतो आणि एखादा त्यावर केलेला खर्च वाया घालवणं आपल्याला परवडत नाही म्हणून येतो. दुसऱ्या जातीचा घटक ओळखायची खूण एकच: तो नकार देता येईल अशा जागी कधी नसतो. पंगतीत जिलबी छान जमली आहे, दोन खाल्ल्या, समाधान झालं. मग यजमान ताटावर आडवा हात धरू देत नाही, ‘अहो एक घ्याच’ करत चौथी, पाचवी, सहावी वाढतो. जिलबी तीच आहे, बिघडलेली नाही. पण घरी गेल्यावर पोटदुखीचं खापर जिलबीवर फुटतं. आर्कम नाइटमध्ये मुख्य कथेत गाडी आहे, सुरुंग निकामी करायला गाडी आहे, रिडलर या कोडी घालणाऱ्या खलनायकाच्या कोड्यांत शर्यतीचे ट्रॅक आहेत, एका वेळी तर गाडी केबलवर लटकवून इमारतीत चढवायची आहे.

सगळ्यांत महागात पडलं ते मोठ्या खलनायकांच्या लढतींना. सिटीमधली मिस्टर फ्रीझची लढत आठवा, खेळला नसाल तर त्या एका लढतीसाठी सिटी घ्या. तिथे तुम्ही त्याच्यावर एक युक्ती एकदाच वापरू शकता. मागून पकडलंत तर तो पुढच्या वेळी ती वाट बंद करतो. तुम्हाला आपली सगळी विद्या एकेक करून पणाला लावावी लागते, वर्षभराच्या अभ्यासाची तोंडी परीक्षा असावी तशी. आर्कम नाइटमध्ये डेथस्ट्रोक हा भाडोत्री मारेकरी येतो. हातघाईत ज्याची ख्याती, तो तुमच्याशी लढतो रणगाड्यात बसून, आणि ती लढतसुद्धा आधीच्या एका मोठ्या रणगाडा-लढतीची नक्कल वाटते. एवढ्या तोलामोलाचा पैलवान आखाड्यात उतरवायचा आणि कुस्ती लावायची ट्रॅक्टरची, असा प्रकार.

कथेबद्दल लिहिताना आर्कम सिटीचा शेवट फुटणार आहे, चालणार नसेल तर पुढचे दोन परिच्छेद सोडा.

सिटीच्या शेवटी जोकर मेला. आर्कम नाइटच्या पहिल्याच दृश्यात त्याचं प्रेत भट्टीत आहे आणि भट्टी पेटवायचं बटण तुम्हाला दाबावं लागतं. गेम नावाच्या माध्यमाची ताकद यात आहे. प्रेक्षक असतात तर नुसतं बघितलं असतं, इथे हात तुमचा आहे. पुढे स्केअरक्रो या खलनायकाच्या भीती जागवणाऱ्या वायूमुळे आणि आधीच रक्तात भिनलेल्या विषामुळे जोकर बॅटमॅनच्या डोक्यात परत येतो. तुम्ही एखादी फळी ओलांडून वळलात की तो कठड्यावर पाय हलवत बसलेला, टोमणे मारत. रस्त्यावरचे पुतळे आणि जाहिरातीचे फलक, पाठ फिरवली की बदललेले. मारामारीत जिंकता जिंकता तो कानाशी कुजबुजतो. ही कल्पना केवळ लेखनात राहिली नाही, ती लेव्हल डिझाइनमध्ये, कॅमेऱ्यात, आवाजात उतरली, म्हणून तिचं मोल जास्त. दुसऱ्यांना घाबरवणाऱ्या माणसाला स्वतःचीच भीती वाटायला लागते. इथे मालिकेची मूळ जोडणी उलटी फिरवली आहे, आणि गेमचे सगळे उत्तम तास याच भागात आहेत. मार्क हॅमिलचा जोकर आणि केविन कॉनरॉयचा बॅटमॅन. कॉनरॉय हा आवाज १९९२ च्या अ‍ॅनिमेटेड मालिकेपासून देत होता. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये तो गेला. आता खेळताना काही वाक्यं वेगळीच ऐकू येतात.

आर्कम नाइट हा ज्याच्या नावाने गेम आहे तो खलनायक मात्र फसला. हे पात्र नवंकोरं असल्याचं आधी सांगितलं गेलं होतं, पण बॅटमॅनची कॉमिक्स वाचणाऱ्याला मुखवट्यामागे कोण हे पहिल्या काही तासांतच कळतं, आणि गेम ते गुपित तुम्हाला कळलंच नाही असं धरून चालतो. वाचक पुढे आणि लेखक मागे, अशी ती वरात. बायकांच्या बाबतीत गेम आणखी आळशी आहे. बॅटमॅनची साथीदार बार्बरा गॉर्डनला पळवून नेलं जातं, कॅटवुमनच्या गळ्यात स्फोटकांचा पट्टा अडकवून तिला रिडलरने डांबलेलं. दोघीही मुळात तल्लख आणि धाडसी पात्रं, पण इथे त्यांचं काम काय, तर बॅटमॅन सोडवायला येईल याची वाट बघणं.

बाकी गोष्टी भराभर. हॅलोविनच्या रात्री गॉथम, म्हणजे बॅटमॅनचं शहर, रिकामं केलं जातं आणि रस्त्यावर फक्त गुंड उरतात. निरपराध माणूस गाडीखाली येण्याचा प्रश्नच नको म्हणून केलेली ही सोय आहे आणि खर्च वाचवणारीही, पण वातावरण त्यातून सुंदर उभं राहतं. पोलीस ठाण्यातल्या कोठड्या सुरुवातीला ओस असतात. तुम्ही एकेकाला पकडून आणता तसतशा त्या भरत जातात, आणि आत गेलेले तुम्हाला शिव्या घालतात. प्रगती दाखवायला टक्केवारीचा पट्टा सगळेच वापरतात. इथे पोलीस ठाणं वापरलंय, ते फार आवडलं. रॉबिन, नाइटविंग किंवा कॅटवुमनबरोबर जोडीने लढताना मध्येच एकातून दुसऱ्यात जाता येतं, ते प्रसंग संख्येने कमी का ठेवले कोण जाणे.

रिडलरची २४३ आव्हानं आहेत. काही कोडी खरोखर डोकं लावायला लावणारी, बाकीचा भरणा. तेवढ्यावर तक्रार नव्हती. पण कथेचा पूर्ण शेवट बघायचा तर सगळे गुन्हेगार पकडावे लागतात, आणि रिडलरला पकडायचं तर ही सगळी आव्हानं संपवावी लागतात. ज्याने पैसे देऊन, वेळ देऊन कथा संपवली त्याला शेवटचं पान दाखवायला असली खंडणी मागणं मला पटत नाही. पहिल्या खेपेला मी ती रात्री जागून भरली. दुसऱ्या खेपेला शेवट मोबाइलवर बघितला आणि झोपलो.

पीसीची हकीकत तुमच्या अभ्यासाला उपयोगी पडेल. हे पोर्ट, म्हणजे पीसीसाठीची आवृत्ती, बाहेरच्या चमूने केलेलं होतं. गेम आला तेव्हा पीसीवर तो सेकंदाला ३० फ्रेमवर बांधलेला होता, अडखळत होता, आणि महागड्या ग्राफिक्स कार्डवरही हीच गत. लोकांनी इतका गदारोळ केला की वॉर्नर ब्रदर्सला दुसऱ्याच दिवशी पीसीची विक्री थांबवावी लागली. ती पुन्हा सुरू झाली २८ ऑक्टोबरला, म्हणजे चार महिन्यांनी, आणि तरीही तक्रारी उरल्याच, शेवटी पैसे परत देण्याची सोय करावी लागली. त्याच जून महिन्यात स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाने गेम परत करून पैसे घेण्याची पद्धत सुरू केली होती, त्यामुळे राग थेट हिशेबात उतरला. आजच्या मशिनवर गेम नीट चालतो, त्यामुळे तुम्ही निर्धास्त घ्या. निन्टेन्डो स्विचवर घेऊ नका. २०२३ च्या डिसेंबरमध्ये तिथे रॉकस्टेडीचे तिन्ही आर्कम गेम एकत्र आले, त्यात नाइटची गाडी त्या मशिनला झेपत नाही.

यानंतर २०१८ मध्ये इन्सोम्नियाक स्टुडिओने स्पायडरमॅनचा गेम केला, तेव्हा त्यांनी आर्कमच्या मारामारीतून बरंच घेतलं आणि सारा भर झोके घेत फिरण्यावर दिला. तो झोका त्यांनी शेवटपर्यंत कोणाला हिरावू दिला नाही, म्हणून स्पायडरमॅनची मैत्रीण मेरी जेन हिचे दबकत चालण्याचे भाग तिथे खटकतात. पण ते थोडे आहेत आणि लवकर संपतात. खुद्द रॉकस्टेडीचा पुढचा मोठा गेम, २०२४ चा ‘सुइसाइड स्क्वाड’, त्याच जगात घडतो आणि तिथे चौघेही नायक बंदुका घेऊन फिरतात. गाडीच्या तोफेपासून तिथवरचा रस्ता मला तरी सरळ दिसतो.

तेव्हा खेळायचा क्रम असा ठेवा. आधी असायलम, तो छोटा आहे, पंधराएक तासांत आटोपतो. मग सिटी. मग हा. मेडिक पहिल्यांदा येईल तिथे थांबून त्याच खोलीत तीनदा हरा आणि दर वेळी कोणाला आधी पाडलं ते लिहून ठेवा. रणगाड्याच्या प्रत्येक लढाईनंतर घड्याळ बघा. किती मिनिटं गेली ते टिपा, आणि त्या मिनिटांत शत्रूने तुमच्या असण्याची काही दखल घेतली का, तेही. मुख्य कथा अर्धी होईपर्यंत रिडलरच्या नादी लागू नका. आणि शहर उघडल्यावर रात्री उशिरा, दिवे घालवून, हेडफोन लावून नुसतं एका छपरावरून दुसऱ्या छपरावर हिंडा, हुक टाकून कठडे चढा. आवाज मात्र जरा बेताचा ठेवा. का, ते कठडा चढताना कळेल.